वरच्या अंगाचा ढग

१९७३च्या मे महिन्यात मला नगरच्या लष्करी रुग्णालयातून फायरिंग रेंजवर पाठवलं. मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. नर्सिंग ऑफिसर सहसा रेंजवर जात नाही. त्या उन्हाळ्यात तोफांवरचे जवान उष्माघाताने पडत होते, म्हणून गन लाइनच्या, म्हणजे तोफांच्या रांगेच्या, मागे एक तंबू, सहा खाटा, बर्फाची पेटी आणि एक अॅम्ब्युलन्स दिली होती.

तंबू एका कोरड्या ओढ्याच्या काठावर होता. शेजारी मेट पोस्ट. मेट म्हणजे हवामान. तोफेचा गोळा उंच जातो तेव्हा वरचा वारा त्याला ढकलतो. तो वारा कुठून आणि किती, हे सांगायचं काम हवालदार दत्तू गायकवाडचं. पहाटे तो गॅसचा फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याचा माग काढायचा आणि आकडे वायरलेसवर कळवायचा. तो काष्टीचा, मी शेवगावची. एवढ्या ओळखीवर आमचं बोलणं व्हायचं.

ढग कसा होतो, हे मी त्याला एकदा विचारलं होतं.

"जमीन तापली की हवा हलकी होऊन वर जाते, मॅडम. वर गार होते. मग तिच्यातली वाफ धुळीच्या कणांना धरून थेंब होते. तसले लाखो थेंब म्हंजे ढग. हितल्या हवेत वाफच न्हाई, थेंब कशाचे होणार?"

"आणि पाऊस पाडणारा ढग?"

"तो वाढत जातो. पार वर जाऊन माथा ऐरणीसारखा सपाट झाला की समजायचं, आता पाणी सोडणार."

दुष्काळ होता. खालच्या वस्तीवरच्या बायांनी ओढ्याच्या वाळूत झिरा खणला होता, दोन पुरुष खोल. एकीने दोरी धरून आत उतरायचं, झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायचं, बाकीच्यांनी हंडा वर ओढायचा. त्यांची म्होरकी ठकूबाई. येता-जाता ती गायकवाडला छेडायची.

"दाजी, आज आभाळ काय म्हनतंय?"

"कोरडं."

"एवढं फुगं सोडता, एखादा पाऊस आनायला सोडा की."

"त्याला मोठ्या साहेबांची सही लागते, मामी."

तो 'कोरडं' म्हणाला की दिवस कोरडाच जायचा. बायांना त्याची सवय झाली होती.

त्या दिवशीही सकाळी तो तेच म्हणाला. दुपारनंतर पश्चिमेच्या डोंगरावर ढग चढू लागला. आमच्यावर ऊन होतं. मी एका गनरच्या अंगावरचा बर्फ बदलत होते. मेट पोस्टवरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मेट टू कमांड पोस्ट. पश्चिमेला ढग, लांब. माथा सपाट झालाय. ओव्हर."

"फायरिंगला अडचण?"

"नाही. इथला वारा तोच आहे. ओव्हर."

"फायरिंग चालू राहील. आउट."

तोफांना आपल्या डोक्यावरचं आभाळ लागतं. वायरलेसवर विचारलं तेवढंच जायचं, उत्तरही तेवढंच यायचं.

थोड्या वेळाने गायकवाड तंबूच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, हा वढा कुठून येतो?"

"त्याच डोंगरातून."

तो तसाच वळला. काठावर गेला.

"बाया हो, वर या. वरून पाणी येतंय."

बाया हसल्या. ठकूबाई म्हणाली, "सकाळी कोरडं म्हनलात, आता पानी येतंय व्हय? सूर्व्या बघा की डोक्यावर. सरजाचा हंडा भरू द्या. सकाळधरनं नंबर लावलाय."

सरजा तिची सून. ती झिऱ्यात होती.

गायकवाडने कॅप काठावर ठेवली आणि खाली धावला. आवाज आला तेव्हा मला गाड्यांचा कॉन्व्हॉय वाटला. मग बाया ओरडत वर पळाल्या. पाण्याच्या तोंडाला काटक्या, लेंड्या आणि फेस होता. गायकवाडने झिऱ्याच्या कडेला पालथं पडून सरजाची मनगटं धरली, तिला ओढून काढलं आणि काठाकडे ढकललं. मी आणि अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने तिला धरलं. तेवढ्यात कड ढासळली. तो झिऱ्यात गेला. त्याच्यावरून पाणी गेलं.

मी मेट पोस्टचा वायरलेस घेतला.

"कॅज्युअल्टी. ओढ्यात. फायरिंग बंद करा."

तोफा लगेच थांबल्या.

संध्याकाळी पाणी ओसरलं. गायकवाड खालच्या वळणावर बाभळीला अडकलेला सापडला. त्याच्या कानांतली, नाकातली वाळू मी काढली, अंग पुसलं, युनिफॉर्म बदलला. कॅप कोरडी होती. ती त्याच्या सामानात ठेवली. सामान काष्टीला गेलं.

एक दिवस फायरिंग बंद राहिलं. मग त्याच्या जागी बदली नाईक आला आणि फुगा वर गेला. बायांनी झिरा पुन्हा खणला होता. प्यायला पाणी लागतंच. सरजाही आली होती. तिच्या मनगटांवर गायकवाडच्या बोटांचे वळ काळेनिळे दिसत होते.

नाईकाला ही रीत कुणीतरी सांगितली असावी. त्याने काठावरून हाक दिली, "आज कोरडं आहे."

ठकूबाई वर बघत म्हणाली, "हितलं न्हाई इचारलं. डोंगराला काय हाय?"

नाईकाने माझ्याकडे पाहिलं. त्याने दुर्बीण पश्चिमेला फिरवली आणि बराच वेळ पाहिलं.

"काही नाही. साफ आहे."

मग सरजा दोरी धरून खाली उतरली. कॅम्प उठेपर्यंत रोज सकाळी डोंगराकडचं आभाळ काठावरून सांगितलं जाई. तशी ऑर्डर कुणी काढली नव्हती.

हवालदार दत्तू गायकवाड, मेट सेक्शन, राहणार काष्टी. त्या दिवशी रेंजवर थेंबही पडला नाही. त्याचा रिपोर्ट बरोबर होता.