काविळीची माळ

परवा नर्सनं विचारलं, "आजी, कोणतं औषध चालत नाही?" मी म्हटलं, "पेनिसिलिन." तिनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या गार वासासरशी मी थेट साठच्या दशकातल्या अकोल्यात, दवाखान्यातल्या माझ्या खाटेवर जाऊन पडले.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हृदयाच्या झडपेला सूज आली म्हणून पेनिसिलिनच्या भारी सुया सुरू होत्या. ताप उतरला, पण मी पांढरीफटक पडले आणि डोळे मात्र पिवळे झाले. सासूबाईंनी कावीळ ठरवली आणि जुन्या शहरातून मुळ्यांची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. कावीळ जशी सरते तशी ही माळ वाढत वाढत गळ्यात, मग पोटापर्यंत उतरते, असं आमच्याकडे मानतात.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "ही साधी कावीळ नाही. या सुयांमुळं हिचं शरीर स्वतःचंच रक्त फोडून राहिलं. सुई आजपासून बंद."

"आपलं शरीर आपल्यावरच काहून उलटते?" सासूबाई म्हणाल्या. "माळ मी काढू देनार नाई."

"राहू द्या माळ, मावशी," डॉक्टर म्हणाले.

औषध बदललं, मी सावरू लागले. माळही उतरत होती. एका दुपारी मी झोपले असं समजून सासूबाईंनी माळेची गाठ सोडली, दोरा हलकेच सैल केला आणि माळ बोटभर खाली ओढली. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

मग त्यांनी हाक मारली, "ऊठ वं माय, पाह्य, किती उतरली!"

मी डोळे चोळत उठले. म्हटलं, "खरंच की, आई!"