सासूबाईंची बोरमाळ आणि रोमन घोडे

नागपूरच्या मिहानमध्ये, आयटी कंपनीत नोकरी करणारी माझी नात परवा एका मुलाला भेटायला सीताबर्डीला निघाली होती. स्थळ आलंय, पण हल्ली कॉफी पिऊन ठरवतात. "आजी, काय बोलू गं?" म्हणाली. म्हटलं, "काहीही बोल बाई, लॅटिन तेवढं बोलू नकोस."

मी बोलले होते.

तेव्हा मी वनस्पतीशास्त्र शिकत होते, आणि नागपुरात माझ्याइतकं शहाणं दुसरं कुणी नाही याबद्दल मला शंका नव्हती. बाभळीची शेंग कशी मणी ओवल्यासारखी दिसते! तसल्या आकाराचं शास्त्रातलं नाव 'मोनिले' या लॅटिन शब्दावरून आलंय, मोनिले म्हणजे गळ्यातली माळ, एवढं सरांनी सांगितलं. पुढचं मी ग्रंथालयातल्या जाड कोशातून हुडकून काढलं. आता हे ज्ञान कुठेतरी सांडायलाच हवं होतं.

ते सांडलं धंतोलीतल्या आमच्या बैठकीत, मला बघायला आलेल्या मंडळींसमोर. मुलगा एका शब्दानं बोलला नव्हता, पण हसला की त्याचे कान हलायचे. तेवढ्यावर मी पोहे देता देता गणपतीला नवस बोलून मोकळी! त्याची आई काटोलकडची शेतकरीण. गळ्यात सोन्याची ठसठशीत बोरमाळ.

"काय शिकून राहिली वं?" एवढंच विचारलं बिचारीनं.

"तुमच्या गळ्यात आहे ना, त्याला लॅटिनमध्ये मोनिले म्हणतात. रोमन बायका घालायच्या." इथे थांबायला काय झालं होतं मला? "आणि घोड्याच्या गळ्यात घालतात त्यालाही तेच म्हणायचे."

चमचे थांबले. बाबा पंख्याकडे बघायला लागले. गेलं स्थळ, कानांसकट.

बाईंनी बोरमाळ बोटांत धरली. "घोड्याले?"

"हो," मी पुटपुटले.

"आमच्या घरी पोळ्याले पहिली माळ बैलाच्या गळ्यात पडते. मंग मी माही घालतो. राबते तर तोच." मग माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीच्या पोटात काही राहत नाही. राहू द्या. आमच्या घरी बैल मुका न् हा पोरगाही मुका. एक बोलणारी पाहिजेच."

विहीणबाई म्हणाल्या! आता मान खाली घालून लाजायचं, बस. पण रोमन घोड्यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. मी तोंड उघडलं मात्र, आईनं "तोंड गोड कर, तोंड गोड कर" म्हणत आख्खा लाडू त्यात कोंबला.