उभ्याचा ओटा

राजारामपुरीत आमचं नवं घर झालं तेव्हा स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा बांधला. पेठेतल्या जुन्या घरी चूल जमिनीवर होती आणि आम्ही सासू-सुना पाटावर बसून रांधत होतो. माझ्या यजमानांनी कुणा डॉक्टरांच्या बंगल्यात असला ओटा पाहिला होता. त्यांनी गवंड्याला सांगितलं, गवंड्याने बांधला. आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते.

माझा डावा गुडघा लहानपणी विहिरीच्या पायरीवर आपटला होता. चुलीपुढे बसलं की तो सुजायचा. हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या ओट्यावर पहिल्या दिवशीच्या भाकरी झाल्या आणि गुडघा दुखला नाही, तेव्हा मी ओट्याच्या फरशीवरून हात फिरवला. गार लागली.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ओटा आवडला नाही. त्या ठेंगण्या होत्या. शेगडीवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते त्यांना दिसायचं नाही. पण तक्रार त्यांनी वेगळीच केली. आमच्याकडे रीत अशी, की सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले की सुनेने हातातलं काम सोडून उठून उभं राहायचं.

"मामा आलं तर आता उठतीस कशी तू?" त्यांनी विचारलं.

"उभीच हाय की मी."

"त्येच म्हणतीया. मान दिल्यालं दिसाय नको? दसऱ्याला गवंडी बोलावून फोडायचा ह्यो. चूल घालू खाली."

दसरा लांब नव्हता. मी विचार केला आणि ओट्याखाली एक पाट ठेवला. मामंजी परसातून पाणी प्यायला यायचे आणि येताना खोकायचे. खोकला ऐकू आला की मी पाटावर बसायची. ते दारात आले की उठायची. हात पिठाचे असले तरी तसेच. मान दिलेला दिसू लागला. गुडघा मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागला, कारण मामंजींना तहान फार लागायची. आत्याबाई हे सगळं बघायच्या, तरी गवंड्याला निरोप गेलाच होता.

एक दिवस मामंजी पाणी पिऊनही दारातून हलले नाहीत. माझ्याशी ते थेट बोलत नसत. आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना विचारलं.

"अगं, माझं काय चुकलंय का?"

"का वं?"

"परसातनं येताना खिडकीत हिचं डोकं दिसतंय. म्या खोकलो की गडप हुतंय. रोज बघतोय. सासरा आला की बसून घेती ही?"

मी पदर आणखी पुढे ओढला.

"अवं, तुमच्यासाठी उठाय बसतीया ती!"

"आं?"

"आधीच उभी असल्यावर उठंल कशी? म्हणून बसतीया. मग उठतीया."

मामंजींनी ओट्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"सकाळधरनं उभीच हाय न्हवं ती? मग त्यातलंच थोडं माझ्या नावावर धरा की. आनि किती उठायचं तिनं?"

एवढं बोलून ते परसात गेले. मी पाट उचलून भिंतीला लावला. आत्याबाई बघत होत्या, पण परत घाल म्हणाल्या नाहीत.

दसऱ्याला गवंडी आला, पहार घेऊनच आला. आत्याबाईंनी त्याला पहार बाहेर ठेवायला लावली आणि ओट्यापुढे स्वतःसाठी एक पायरी बांधून घेतली. तिच्यावर उभ्या राहून त्यांनी पातेल्यात डोकावलं आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाल्या.

त्या पायरीला माझा पाय रोज ठेचाळायचा. मी त्याबद्दल कुणाला काही बोलले नाही.