मेट्रोच्या पूजेचा नारळ

मंडळी, शहरात लाइट मेट्रो चालवायचं माझं ट्रेनिंग कधीच झालं. पण नव्या गाड्या अजून कारखान्यातूनच निघाल्या न्हाईत, म्हणून मी कुरुंद्याला घरी बसून हाय.

माझ्या पहिल्या गाडीपुढं फोडायला बाबांनी देवघरात नारळ ठेवलाय. आज सकाळी त्यांनी तो कानाजवळ हलवून पाहिला.

"पाणी आटलं, माय. मागचाबी असाच वाळला. गाड्या काहून येऊन न्हाई राहिल्या, विचार की सायबाला."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हालाच कोणी तारीख सांगत नाही."

बाबा पिशवी घेऊन दुसरा नारळ आणायला निघाले.

त्यांना थांबवायचं कोणत्या तोंडानं, सांगा.