मार्थामावशींचा नवा डोळा

मोतीबिंदू काढून घरी आल्यावर शेजारच्या मार्थामावशी स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. डब्यांवर चिकट थर होता, कपांच्या कडा काळवंडल्या होत्या.

"अगं, एवढ्या घाणीत राहत होते मी?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या चर्चमध्ये पवित्र जीवन म्हटलं की मावशींचंच नाव निघतं. घर कालचंच होतं, फक्त नजर स्वच्छ झाली होती. पवित्र होत जाणं म्हणजे हेच असेल का? प्रभू जसजसा जवळ येईल, तसतसे आपलेच डाग दिसत जाणार?

संध्याकाळी मावशींनी प्रार्थना केली, "प्रभू, माझ्या मनातलंही सगळं असंच दाखव."

मी शेजारी डोळे गच्च मिटून बसले होते. माझ्याच्यानं आमेन म्हणवलं नाही.