वरच्या मावशींचं मत

वरच्या मावशी मतदानाला इरकल नेसून जात. एरवी बाराही महिने त्या तपकिरी पँट, गुडघ्यापर्यंतचं जॅकेट आणि भक्कम बुटांत असत. दुरून पाहिलं तर गावातल्या इतर म्हाताऱ्यांत त्या ओळखूही यायच्या नाहीत. पण निवडणुकीच्या रविवारी कपाटातून हिरवी इरकल निघे, केसांना तेल लागे, आणि त्या शाळेच्या जिमखान्याकडे चालू लागत. सकाळी आठला दार उघडतं, तेव्हा कोणी नसतं म्हणून त्या जात नसत. चर्च सुटलं की जात. "रांग हवी गं," म्हणायच्या. "रांगेत माणसं बोलतात. हवा, गुडघे, कुत्री, काहीतरी बोलतात."

मी हायडेलबर्गला पीएच.डी. करत होते. शहरात खोली मिळेना, म्हणून बसने अर्ध्या तासावरच्या या गावात त्यांच्या तळघरातली जागा घेतली होती. मी खाली, त्या वर, म्हणून त्या 'वरच्या मावशी'. त्यांचे यजमान लुडविग्सहाफेनला रसायनशास्त्रज्ञ होते. मी आले त्याच्या बऱ्याच आधी ते गेले होते. तीन मजल्यांचं घर, मागे चेरीचं झाड आणि मावशी, एवढाच तो संसार उरला होता.

मला वर बोलवायचं असलं की त्या हीटिंगच्या पाइपवर चमचा वाजवत. फोन होता, पण फोन केला तर मी कामात असेन आणि मला 'नाही' म्हणावं लागेल, असं त्यांना वाटे. चमच्याचं बरं, ऐकू आलं नाही असं समजता येतं. मी गेले की चहा तयार असे. कप मात्र नेहमी दोन मांडलेले असत, मी येवो न येवो. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एक कप मांडला की टेबल फार मोठं दिसतं."

यजमान हयात होते तोवर मावशींनी जर्मन नागरिकत्व घेतलं नव्हतं. यजमान दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी सांगलीला परत जायचं. ते गेल्यावर मावशींनी अर्ज केला, भारतीय पासपोर्ट परत दिला आणि या गावाच्या मतदार झाल्या. नातेवाइकांना ते आवडलं नव्हतं. मावशी मला म्हणाल्या, "ते होते तोवर परत जायचं होतं. आता कुणाबरोबर जाऊ? आणि इथं बघ, या गावात मला कोणी काही विचारत नाही. पिशवी हवी का, पावती हवी का, संपलं. निवडणुकीला मात्र विचारतात, बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

आम्हा मराठी मुलामुलींना या इरकलीचं हसू येई. कार्ल्सरूहेहून आलेला एक आयटीवाला एकदा त्यांना समजावू लागला, "मावशी, तुम्ही ब्रीफवाल करा ना. कागद घरी येतात, फुली मारायची, पोस्टात टाकायचं. कारणसुद्धा द्यावं लागत नाही आता. घरबसल्या होतं सगळं."

"घरबसल्या तर मी रोजच असते," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

ब्रीफवालचे, म्हणजे टपालाने मत देण्याचे, सगळे नियम त्यांना पाठ होते. शेजारच्या लंगड्या फ्राउ श्टाइनना त्या स्वतः समजावून सांगत: आतलं पाकीट वेगळं, बाहेरचं वेगळं, सहीचा कागद आतल्या पाकिटात घालायचा नाही, नाहीतर मत बाद, आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत राथहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पेटीत पोचलं पाहिजे. दुसऱ्यांना सांगताना त्या फार मन लावून सांगत. स्वतःसाठी मात्र तो विषयही काढू देत नसत.

त्यांचा मुलगा निखिल हांबुर्गला होता. पन्नाशीचा, उंच, फार सभ्य. तो आईला जर्मन रीतीने 'मामा' म्हणे. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, तो कुणा मामाशीच बोलतो आहे. त्याचं लग्न याच गावातल्या काट्रिनशी झालं होतं आणि मोडलंही होतं. निखिल हांबुर्गला निघून गेला; काट्रिन गावातच राहिली. आपल्याकडे अशा वेळी दोन घरं एकमेकांना तोडतात. इथं तसं भांडण झालं नाही, पण जाणंयेणंही उरलं नाही. शनिवारी बाजारातून परतताना काट्रिन फाटकापाशी सायकल थांबवी. मावशी बाहेर येत. फाटक बंदच असे. दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून चार वाक्यं बोलत आणि काट्रिन जाई. शनिवारी दहापासून मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काहीतरी निवडत बसलेल्या असत.

"आत का नाही बोलवत?" मी एकदा विचारलं.

"निखिलला काय वाटेल?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता ती त्याची कोणी नाही. माझी कोण, याला जर्मनमध्ये शब्द नाही. मराठीत तरी आहे का, तू सांग."

माझ्या तिसऱ्या वर्षी गावात महापौरपदाची निवडणूक लागली. एका बाजूला जुने महापौर, दुसऱ्या बाजूला काट्रिन. गाव लहान, खांबाखांबावर तिचा हसरा फोटो. एक आमच्या फाटकासमोरच्या खांबावरही होता. भांडणाचा मुद्दा होता हायडेलबर्गची संध्याकाळची बस. काट्रिनचं म्हणणं, ती रिकामी धावते, तो खर्च बालवाडीवर करा. महापौरांचं म्हणणं, बस राहणार. त्या रिकाम्या बसमधून बुधवारी एक बाई नेमाने येत असे: हायडेलबर्गच्या वाचनालयातून परतणाऱ्या वरच्या मावशी.

निखिलचा फोन आला तेव्हा मी वरच होते. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "मामा, तू तिला मत देणार नाहीस ना?"

"ते कोणी विचारायचं नसतं," मावशी म्हणाल्या. "तुला शाळेत शिकवलं नाही?"

तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

निवडणुकीला पंधरवडा असताना त्या दारापुढची ओली पानं झाडत होत्या आणि पायरीवरून पडल्या. खुबा मोडला, उजवं मनगट मोडलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी बरोबर होते. त्या कण्हत नव्हत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "रविवार गेला गं माझा."

ऑपरेशन झालं.  तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "राथहाउसमध्ये जा. माझ्या नावाचे कागद घेऊन ये. अधिकारपत्र लागेल, मी देते." डाव्या हातात पेन धरून त्यांनी सही केली. सही कसली, मुंग्यांची रांग. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. "मतपत्रिकेवर असं नको. फुली गोलाबाहेर गेली तर बाद करतील. मदतनीस घेता येतो. नियम आहे."

राथहाउसमधल्या बाईंनी अधिकारपत्र पाहिलं, माझा पासपोर्ट पाहिला. मी विचारलं, मी परदेशी आहे, मला इथं मत नाही, तरी मी मदतनीस होऊ शकते का? "हो, नक्कीच," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं पूर्ण हवीत, बस. त्या सांगतील तिथेच फुली मारायची आणि तसं केलं म्हणून खाली तुम्ही सही करायची. आणि जे कळेल ते कुणाला सांगायचं नाही." त्यांनी पाकिटं माझ्या हातात दिली. "कुणालाच."

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा निखिल आला होता. पलंगाशी बसून आईला दही भरवत होता. माझ्या हातातली पाकिटं पाहून त्याने वाटी खाली ठेवली. "मी करतो, मामा. तिला कशाला त्रास?"

"तू नको," मावशी म्हणाल्या.

त्या रागावून म्हणाल्या नव्हत्या. पण निखिलचा चेहरा मी पाहिला. तो उठला, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मावशींनी मला दार लावायला सांगितलं. शेजारचा पलंग रिकामा होता, तरी मधला पडदा ओढायला लावला. जेवणाच्या ट्रेवर मी मतपत्रिका पसरली. त्यांनी चष्मा मागितला, दोन्ही नावं वाचली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. दुपारचं ऊन पांघरुणावर आलं होतं, आणि दाराच्या काचेतून निखिलची पाठ दिसत होती.

मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी ते नाव माझ्या कानात सांगितलं. मी फुली मारली. त्यांनी पाहिली. "जरा ठसठशीत कर," म्हणाल्या. आतलं पाकीट त्यांनी स्वतः चाटून बंद केलं. खाली सही मी केली. सगळं झाल्यावर डाव्या हाताने त्यांनी केस सारखे केले आणि म्हणाल्या, "आता त्याला आत बोलव. दही राहिलंय."

त्याच संध्याकाळी मी ते पाकीट राथहाउसच्या पेटीत टाकलं.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी मावशी गेल्या. न्यूमोनिया झाला होता. निखिल जवळ होता. मी प्रयोगशाळेत होते. त्याने फोन करून सांगितलं.

शुक्रवारी मी राथहाउसमध्ये गेले. त्याच बाई होत्या. विचारायला शब्द जुळेनात, शेवटी तसंच विचारलं: त्या आता नाहीत, तर मताचं काय होतं? बाईंनी हातातलं काम थांबवलं. "मत धरलं जातं," त्या म्हणाल्या. "त्यांनी दिलं तेव्हा त्या होत्या. कायद्याला तेवढं पुरतं."

मोजणी कुणालाही बघता येते. रविवारी मी गेले. राथहाउसच्या हॉलमध्ये मागे प्रेक्षकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांत मी एकटीच. दुपारी बाहेरची पाकिटं उघडणं सुरू झालं. एक जण सहीचा कागद पाहून नाव वाचे, दुसरा यादीत खूण करी, आतलं पाकीट न उघडता पेटीत जाई. एका नावापाशी वाचणारा अडखळला. इथं आमची आडनावं वाचताना सगळेच अडखळतात, पण हे अडखळणं वेगळं होतं. टेबलाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली. "ती साडीतली," त्या हळूच म्हणाल्या. "रांगेत माझ्या मागे असायची." पाकीट पेटीत पडलं.

सहानंतर पेटी उपडी केली, पाकिटं फोडली, मतपत्रिकांचे ढीग झाले. मला वाटत होतं, माझ्या हातची फुली मला लांबूनही ओळखू येईल. इतकी ठसठशीत केली होती. पण सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

काट्रिन हरली, थोडक्यात नव्हे, चांगली हरली. एका मताने इकडचं तिकडे झालं नसतं. अंत्यविधीला ती आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली, निखिलचा हात क्षणभर हातात घेतला, आणि सायकल न आणता आली होती तशीच चालत परत गेली.

पुढच्या आठवड्यात निखिल घर आवरत होता. स्वयंपाकघरात खोक्यांत भांडी भरताना त्याने अचानक विचारलं, "तिने काट्रिनला मत दिलं का?"

"मी सही केली आहे, निखिलदादा. सांगता येत नाही."

"ती गेली. निवडणूक संपली. आता गुप्त कशाला?"

"ते त्यांचं आहे. माझं नाही."

त्याने एक पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुला माहीत नाही," तो म्हणाला. "लग्न मोडलं तेव्हा मामा मला एक शब्द बोलली नाही. चुकलास असं नाही आणि बरोबर केलंस असंही नाही. मी वाट पाहत राहिलो. तिचं मत काय, ते तिने फक्त तुला सांगितलं."

"ते बसबद्दलही असू शकेल," मी म्हणाले.

तो हसला. मग ओट्याला टेकून रडला. मी चहा केला. मग त्याच्याबरोबर भांडी गुंडाळत राहिले. त्या दुपारी मी नाव सांगितलं असतं तर त्याला कदाचित बरं वाटलं असतं, किंवा फार वाईट. दोन्ही माझ्या हातात होतं आणि माझं नव्हतं.

घर विकलं गेलं. मी आता कार्ल्सरूहेला नोकरी करते. निखिलदादा अधूनमधून फोन करतो. हवा, काम, माझ्या व्हिसाचं कुठवर आलं, असं काहीबाही बोलतो. तो प्रश्न त्याने पुन्हा कधीच विचारलेला नाही. फक्त फोन ठेवण्याआधी तो थोडा थांबतो. मीही थांबते. दोन्हीकडे काहीच ऐकू येत नाही. मग तो जर्मन रीतीने 'चूस', म्हणजे अच्छा, म्हणतो आणि ठेवतो.