कापसात हरवलेला चेंडू

माझे वडील, दादा, फौजेतून पेन्शनीवर घरी आले ते एक काळी ट्रंक, एक होल्डॉल आणि एक लोखंडी काठी घेऊन. काठीच्या टोकाला चपटं, वाकडं पातं होतं. वालूरजवळच्या आमच्या गावात गोल्फ हा शब्द कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. चुलत्यांना वाटलं, तण काढायचं काहीतरी मिलिटरीतलं अवजार असावं. दादांनी नोकरीतली बरीच वर्षं छावणीत साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानाचं गवत राखलं होतं आणि साहेब नसताना स्वतःही हात साफ करून घेतला होता.

शेतीचा मात्र त्यांना गंध नव्हता. तिफण धरली की तास वाकडे जायचे आणि चुलते बांधावरून ओरडायचे, "फौजी, परेड चुकायलीय तुमची!" दादा हसण्यावारी न्यायचे, पण जेवताना मुकाट असायचे. मला चुलत्यांचा राग यायचा आणि मुकाट बसणाऱ्या दादांचा त्याहून जास्त. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा बाप आता कुठे घरात दिसायला लागला होता, तर तोही पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. बंद पुकारला की एसटी फिरकायची नाही आणि माझं सेलूचं कॉलेज बुडायचं. अशाच एका बंदच्या दिवशी मी दादांना म्हणाले, "मला शिकवा ते तुमचं." खेळाची हौस मला काडीची नव्हती. त्यांनी माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं.

ज्वारी काढलेल्या रानात धसकटं उपटून त्यांनी थोडी जागा साफ केली आणि ट्रंकेतले तीन पांढरे, टणक चेंडू आणले. अनवाणी हा खेळ खेळत नाहीत म्हणून स्वतःचे कॅनव्हासचे बूट चिंध्या कोंबून माझ्या पायात चढवले. कडुलिंबाच्या झाडाकडे रोखून तुराटीची एक वाळकी काडी जमिनीवर आडवी ठेवली. चेंडू तिच्या रेषेत मारायचा. गुडघे सैल, कंबरेतून वाकायचं, मूठ आवळायची नाही, नजर चेंडूवर. मी सगळं ऐकायची आणि मग जळण फोडायला कुऱ्हाड घालावी तशी काठी घालायची. ढेकळं उडायची, चेंडू जागेवर. कधी चुकून लागलाच तर भलतीकडे. एक चेंडू विहिरीत गेला, एक कुत्र्यानं पळवला. दादा चिडायचे नाहीत. उलट त्या मोकळ्या रानात त्यांचा आवाज मोकळा व्हायचा, छावणीतल्या गोष्टी निघायच्या. मी मुद्दाम वाईट खेळते की काय अशी मायला शंका होती. तसं नव्हतं. मला खरंच येत नव्हतं.

मग एका लग्नात त्यांचा फौजेतला दोस्त भेटला. पुण्यात गोल्फच्या मैदानावर मुकादम हवा होता. दादांनी होकार देऊन टाकला. घरी येऊन म्हणाले, "हितं माजा कुणाला उपयोग हाय?" मी ताट तसंच सारून उठले. दादा जायला नको होते मला. पण हे तोंडानं म्हणायची रीत आमच्या घरात नव्हती.

जायच्या दिवशी आम्ही रस्त्याकडेच्या त्याच रानात एसटीची वाट बघत होतो. ट्रंक बांधावर. दादांची पँट कडक इस्त्रीची. ज्वारीची रास घरी गेली होती आणि सारवलेलं खळं रिकामं पडलं होतं. मी म्हणाले, "जायच्या आधी एक शेवटचा मारू द्या." त्यांनी खिशातून उरलेला एकुलता चेंडू काढला. मी खळ्यात पाय टाकणार तोच माय कडाडली, "लक्ष्मीच्या जागंत बूट? काढा आधी!"

मी बूट काढले. दादांनीही आपले पॉलिश केलेले बूट मुकाट्यानं काढून बांधावर ठेवले. मी चेंडूपुढं उभी राहिले तर ते माझ्या पायांकडे बघतच राहिले.

"गोफण मारताना अशीच उभी ऱ्हातीस का?"

"हौ. पाखरं हाकताना, लहानपणापासून."

"मग मी येड्यावानी तुला बुटात कोंबायलो व्हतो. गोफण सोडताना जोर लावतीस?"

"न्हाई. तिची ती सुटती."

"मग हिलाबी सुटू दे."

मी काठी मागे नेली आणि सोडून दिली. हाताला काही लागल्यासारखंही वाटलं नाही. टक् असा स्वच्छ आवाज झाला. मान वर केली तेव्हा चेंडू लिंबाच्या शेंड्यावरून पलीकडे चालला होता. दादा खळ्यात चक्क नाचले! बापाला नाचताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

चेंडू पडला पलीकडच्या पऱ्हाट्यांत. शेवटची वेचणी होऊन गेली होती, पण राहिलेला कापूस बोंडांना आणि जमिनीवर जागोजाग लोंबत, लोळत होता. पांढऱ्यात पांढरं शोधायचं! दादा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. जे उचलावं तो कापूस. त्यांच्या इस्त्रीच्या पँटीला कुसळं चिकटली. तेवढ्यात मऊ मातीत माझ्या तळव्याला काहीतरी टणक लागलं. मी खाली पाहिलं नाही. पायावर भार देऊन जागच्या जागी उभी राहिले.

एसटी आली. मायनं हात केला. ड्रायव्हरनं थांबवून हॉर्न दिला, पुन्हा दिला. दादांनी पाठ सरळ केली. गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अंमळ जास्तच वेळ.

"जाऊ द्या!" त्यांनी तिथूनच हात हलवला. "पोरीचा चेंडू घावंना!"

कंडक्टरनं घंटी ओढली. धुरळा उडवत गाडी सेलूकडे निघून गेली. दादा पऱ्हाट्या बाजूला सारत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गेली एसटी. आता काढ पाय."